लग्नाआधीची छाटणी

दक्षिण गोलार्धातली ऑगस्टची थंडी सरत आली, वसंत जवळ आला की तांदिल गावच्या अंगणाअंगणांत कात्र्या वाजू लागतात. ओफेलियाबाईंच्या अंगणात त्या जरा जास्तच वाजायच्या, शेजारणीला ऐकू गेलं पाहिजे ना! यंदा ऑक्टोबरात लेकीचं, मिलाग्रोसचं लग्न होतं, तेही याच अंगणात, ग्लिसिनाच्या फुलवेलीच्या मांडवाखाली. वरून जांभळे घोस लोंबताहेत आणि खाली दोन हजार हेक्टरांचे मालक असलेले व्याही फोटोला उभे आहेत, एवढ्या एका फोटोसाठी बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

पण व्याही त्याआधी, येत्या रविवारीच, आसादो, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, खायला येणार होते आणि वेल म्हणजे सध्या नुसतं काटक्यांचं जंजाळ. बाईंनी सेफेरिनोला फर्मावलं, सगळं साफ कर.

सेफेरिनो बावीस वर्षं या बागेत राबत होता आणि हांजी हांजी करणं त्याला अजून जमलं नव्हतं. त्यानं गुलाब छाटले, द्राक्षवेल छाटली, ग्लिसिनाला मात्र हात लावेना.

"बाई, हे फुगीर डोळे बघा. यातच फुलं आहेत. आत्ता कापली तर लग्नात नुसता पाला."

"मग काय व्याह्यांना काटक्या दाखवू? तुला जमत नसेल तर तसं सांग."

बाईंचा भाचा बाउतिस्ता ब्युनोस आयर्सला सहा आठवड्यांचा बागरचनेचा कोर्स करून आला होता, म्हणजे सर्वज्ञच झाला होता. त्यानं विजेच्या कात्रीनं तासाभरात मांडव तुळतुळीत केला. रविवारी व्याह्यांनी बरगड्यांवर यथेच्छ ताव मारला आणि मान वर करून कुणी पाहिलंसुद्धा नाही. सोमवारी सेफेरिनोला कामावरून काढलं.

ऑक्टोबर उजाडला. सगळं गाव जांभळं झालं आणि बाईंचा मांडव लेट्यूसच्या वाफ्यासारखा हिरवागार. बाउतिस्ता फोन उचलेना. बाई रोज सकाळी स्टुलावर चढून पानं उलटीपालटी करायच्या, एखादा घोस लपून बसला असेल म्हणून. रडूही आलं त्यांना, पण ते पाहणार कोण!

लग्नाच्या आदल्या दिवशी मिलाग्रोसनं शांतपणे सांगितलं, फोटो सेफेरिनोच्या घरी काढायचे, त्याला विचारून आलेय.

"रुळापलीकडे? माळ्याच्या घरी?"

"तिथं फुलं आहेत, आई."

आणि होतीच. सेफेरिनोच्या पत्र्याच्या छपरावरून ग्लिसिना नुसती ओसंडत होती. त्याच्या बायकोनं कोंबड्या कोंडल्या, दोरीवरचे कपडे काढले. व्याही सेफेरिनोच्या हातचा ‘माते’, तो कडवट पाल्याचा चहा, पीत वेल नेमकी कधी छाटायची हे त्याला अगदी मन लावून विचारत होते. बाई रेशमी झग्यात, टाचा चिखलात रुतवून, घोसांच्या बरोबर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. "बाई, तुम्ही जरा कडेला व्हा. घरमालकांना मध्ये येऊ द्या."

सेफेरिनोनं हात पुसले आणि तो मध्ये आला. बाई कडेला सरकल्या आणि हसल्याही, कारण फोटो निघत होता.