सहावी शिट्टी होऊ द्यायची नाही!

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. रेफ्रीच्या गळ्यातली नव्हे, कुकरची. बुटकी, अंगाने जड आणि जरा तापट. पण तुमच्या स्वयंपाकघरातली कुठली शिट्टी डोंगर चढून आलीय का? मी आलेय!

पुण्याच्या एका भांड्यांच्या दुकानातून मधुमतीने मला आणि माझ्या छोट्या कुकरला उचललं आणि थेट मँचेस्टरला आणलं. तिचा नवरा नंदू तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा शेजारचे आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्येच धावत आले. त्यांना वाटलं, बॉयलर उडाला! मधुमतीने त्यांना वाटीभर वरणभात दिला. पुढच्या वेळी शिट्टी ऐकून ते परत आले, पण या खेपेला वाटी घेऊन.

नंदू डॉक्टरांचं मात्र विचारू नका. "अहो, जेवायला चला," असं मधुमतीने दहादा म्हटलं तरी पेपर खाली यायचा नाही. माझी तिसरी शिट्टी झाली, की स्वारी टेबलावर हजर. मला भारी अभिमान वाटायचा.

मग त्यांचा मुलगा क्षितिज मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मायरा झाली आणि एका वाढदिवसाला त्याने आईला इलेक्ट्रिक कुकर दिला. तो शिट्टी मारत नाही. 'टिंग' म्हणतो, तेही सॉरी म्हटल्यासारखं. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. शेजार कुणाचा, तर संपलेल्या बॅटऱ्या आणि केचपच्या पुड्या. मी अगदी गप्प झाले.

या वर्षी क्षितिजने ठरवलं, उन्हाळ्यात सगळ्यांनी आल्प्सला हायकिंगला जायचं. त्याआधी जवळच्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत एक प्रॅक्टिस. मायराला मराठी यावं म्हणून तो हल्ली घरच्यांशी फक्त मराठीत बोलतो. तिथेच घोटाळा झाला.

"आई, सगळ्यात इम्पॉर्टंट," तो फोनवर म्हणाला, "शिट्टी घे."

"डोंगरावर?"

"हो! सेफ्टीसाठी."

मधुमतीने मला ड्रॉवरमधून काढून धुतलं. पण नुसती शिट्टी वाजणार कशी? म्हणून तिने माझा छोटा कुकर घेतला. रिकामा कुकर कशाला वाहायचा? म्हणून त्यात डाळतांदूळ घातले. मला मात्र जॅकेटच्या खिशात ठेवलं, आलेपाकाच्या वड्यांशेजारी. आहाहा!

गाडीत क्षितिजने लेक्चर दिलं. "डोंगरात कोणी हरवलं, की सहा शिट्ट्या मारायच्या. सहा म्हणजे 'हेल्प'. ऐकणारे लोक रेस्क्यू टीम बोलावतात. म्हणून मजेत वाजवायची नाही." आपली शिट्टी त्याने बाबांच्या गळ्यात घातली. मायराची नेहमीप्रमाणे घरीच राहिली होती.

फोरकास्टमध्ये 'हलक्या सरी' होत्या. अर्ध्या चढावर पाऊस आडवा यायला लागला आणि वारा असा, की मधुमतीची टोपी कुठल्याशा मेंढीला मिळाली असावी. नंदू डॉक्टर म्हणाले, "मी त्या दगडी भिंतीमागे जाऊन आलोच एका मिनिटात." ते गेले आणि धुकं उतरलं. मिनिट झालं, पाच झाली. डॉक्टर काही येईनात.

"बाबाऽऽ!"

"अहोऽऽ!"

धुक्यातून एक आकृती हळूहळू पुढे आली. मधुमतीचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "किती वेळ हो!" आकृतीने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि "बेंऽ" केलं.

मायरा हसली नाही. तिने आजीची बाही धरली. "आजी, आजोबा सत्तर इयर्सची आहे. त्यांना थंडी वाजेल ना?"

फोनला सिग्नल नव्हता. भिंतीच्या पलीकडे कुठेतरी उतार होता आणि उतारापुढे काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. क्षितिज मधुमतीकडे वळला. "आई, तुझी शिट्टी काढ. लवकर!"

तिने मला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

मित्रांनो, माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"ही... ही कुकरची आहे!"

"मग दुसरी कुठली असते?"

"आई! तोंडाने वाजवायची!"

"मग तसं सांगायचं ना रे!" मधुमतीने भिंतीच्या आडोशाला बॅग उघडली. "तुझ्या बॅगेतला तो कॉफीचा छोटा गॅस दे इकडे."

"बाबा हरवलेत आणि तू खिचडी लावतेयस?"

"खिचडी नाही लावत, शिट्टी लावतेय. तुझे बाबा हाकेला ओ देतात का कधी?"

तिने बाटलीतलं पाणी ओतलं, झाकण लावलं, मला वर बसवलं. पाणी काही तापेना. क्षितिजने जॅकेट आडवं धरून वारा अडवला. मायरा हाका मारतच होती. शेवटी माझ्या पोटात वाफ भरली आणि इतक्या वर्षांची गप्प बसलेली मी, छाती फोडून ओरडले. एक! मग दोन! मग तीन!

सगळे कान टवकारून उभे राहिले. कोणी आलं नाही.

चौथी झाली.

"आई, बंद कर! सहा झाल्या तर लोकांना वाटेल आपण हेल्प मागतोय!"

पाचवी झाली. मधुमतीचा हात गॅसच्या बटणावर होता. तो तिने मागे घेतला.

"होऊ दे सहावी," ती हळूच म्हणाली. "येऊ देत सगळे. मला माझा माणूस हवाय."

मी श्वास भरून घेतला. सगळा जोर लावून वाजणार, तेवढ्यात धुक्यातून आवाज आला,

"अगं बंद कर तो गॅस! खिचडीला तीनच करतात! लगदा झाला असेल!"

मधुमतीने बटण फिरवलं. सहावी माझ्या घशातच राहिली. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कधी गप्प बसले नव्हते. मायरा धावत जाऊन आजोबांच्या ओल्या कोटाला चिकटली.

"अहो, गळ्यातली शिट्टी का नाही वाजवलीत?" मधुमती ओरडली. डोळ्यांतलं पाणी पावसात खपून गेलं.

"ती हरवलेल्याने वाजवायची, असं क्षितिजच म्हणाला ना? मी कुठे हरवलो होतो? दगडावर बसून वाट बघत होतो. हरवला होतात तुम्ही!"

खिचडीचा खरंच लगदा झाला होता. वाफाळता, पिवळाधमक. डॉक्टरांनी नावं ठेवत ठेवत दोनदा घेतला. कुत्रा घेऊन चाललेल्या एक बाई थबकून म्हणाल्या, "मी पाच मोजल्या. सहावीची वाट बघत होते." त्यांनाही वाटी मिळाली.

आता मी ड्रॉवरमध्ये नसते. आल्प्सच्या बॅगेत क्षितिजने सगळ्यात आधी मलाच ठेवलंय.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी शिट्टी असेल तर तिला बॅटऱ्यांत टाकू नका. तिचं भोक साफ ठेवा, अधूनमधून वाजू द्या. आणि घरचं माणूस धुक्यातून परत आलं, की आधी गरम वाढा. हरवलं कोण होतं, ते जेवण झाल्यावर ठरवता येतं.