एका दिवसाची मावशी

मर्लचा फोन आला तेव्हा माझी बायको लिस्ट्रा अंगणात जायफळं वाळत घालत होती. बहिणीचा फोन यायचा तो ख्रिसमसला, नाहीतर कुणी गेलं तर. हा मधेच आला, म्हणून तिने हात पुसत माझ्याकडे बघितलं. मग बराच वेळ ती नुसती ‘हं, हं’ करत राहिली. शेवटी म्हणाली, “तिला विचारलंस का? नाही ना? मग मला काय विचारतेस?” आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा जायफळांकडे वळली.

मर्ल टोरांटोहून बोलत होती. तिच्या सासूने सगळ्या घराला बोटीची सहल भेट दिली होती. बोट बेटं फिरत फिरत एक दिवस आमच्या ग्रेनेडालाही लागणार होती. नवऱ्याला बायकोचं गाव बघायचं होतं. इतकी वर्षं तिने काही ना काही सांगून ते टाळलं होतं, पण बोटच इथे येणार म्हटल्यावर सांगायला काही उरलं नाही.

“अल्विन, आम्ही तुझीच व्हॅन घेऊ,” ती म्हणाली. बोटीने येणाऱ्यांना बेट फिरवून आणणं हाच माझा धंदा. “आणि केझिया तुमची मुलगी आहे असंच राहू दे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

केझिया मर्लची मुलगी. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा तिला आमच्याकडे ठेवून मर्ल कॅनडाला गेली, म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या कामावर. बस्तान बसलं की पोरीला बोलावून घेते म्हणाली होती. आमच्याकडे निम्म्या घरांत असं झालेलं आहे, त्यात कुणाला नवल वाटत नाही. दर ख्रिसमसला तिचं पिंप यायचं. त्यात तांदूळ, साबण, फ्रॉक, शाळेचे बूट. बूट दर वेळी लहान व्हायचे, कारण तिकडे मर्लच्या डोळ्यांसमोर पोरगी हळूहळू वाढत होती आणि इथे भराभर. मग तिला डग्लस भेटला. सुरुवातीला सांगायचं राहून गेलं, लग्नाच्या वेळी भीती वाटली, आणि त्यांना मुलं झाल्यावर तर ते तिच्या तोंडून निघेचना.

आम्हाला स्वतःचं मूल नाही. तरी लिस्ट्राने केझियाला कधी ‘ममी’ म्हणू दिलं नाही. “तुझी ममी आहे, ती येणार आहे,” असं सांगून तिने पोरीला ‘टँटी’च म्हणायला लावलं, म्हणजे मावशी.

संध्याकाळी केझियाला मीच सगळं सांगितलं. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि जिभेने तिखट होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे टँटीला ममी म्हणायचं आणि ममीला टँटी.”

“जमणार नसेल तर त्या दिवशी मैत्रिणीकडे जा,” लिस्ट्रा म्हणाली.

“का जाऊ? ते माझ्या घरी जेवणार आणि मी दुसऱ्याच्या? मी येणार व्हॅनमधून. पाहुण्यांशी बोलायला कुणीतरी पाहिजे ना. अंकल तर मौनव्रत घेतल्यासारखे गाडी हाकतात.”

तिने हसत सांगितलं म्हणून आम्हीही हसलो. पण त्या रात्री लिस्ट्रा जेवली नाही.

बोट आली त्या दिवशी सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर आम्ही तिघं उभे होतो. डग्लस आधी दिसला. उन्हाने लाल झालेला उंचापुरा माणूस, खांद्यावर धाकटी टेस, हाताशी ओवेन. मर्ल त्यांच्या मागून आली, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. बहिणीच्या गळ्यात पडली आणि सुटेचना. केझियाकडे मात्र तिला बघवेना.

केझिया स्वतःच पुढे झाली. “वेलकम, टँटी मर्ल,” म्हणाली आणि गाल पुढे केला. जन्मभर तसंच म्हणत आल्यासारखी.

“ही केझिया?” डग्लस म्हणाला. “मर्ल, तू हिचा एक फोटोसुद्धा कधी दाखवला नाहीस.”

“टँटीला फोटोंची आवड नाही,” केझिया म्हणाली. “चला, बसा. खिडकीशी बसणाऱ्याला माकडं आधी दिसतात.”

डोंगर चढताना ती एकसारखी बोलत होती. वादळात कुणाचं छप्पर कुणाच्या अंगणात पडलं, मग त्यावरून दोन घरांचं कसं वाजलं, हे तिने असं सांगितलं की डग्लस पोट धरून हसला. मी आरशातून मर्लकडे बघत होतो. ती बाहेर बघत होती, आणि बाहेरचं काही तिला दिसत होतं असं मला वाटलं नाही.

धबधब्यापाशी बापलेक पाण्यात उतरले. टेसला केझियासारख्या वेण्या हव्या होत्या. केझियाने तिला पायरीवर बसवलं आणि केस मोकळे केले. मधेच तिची बोटं थांबली.

“हिच्या डोक्यात दोन भोवरे आहेत,” ती म्हणाली.

“डॅडी म्हणतात म्हणून माझे केस ऐकत नाहीत,” टेस म्हणाली.

“माझेही नाही ऐकत. माझ्याही डोक्यात दोन आहेत.”

मर्ल शेजारीच टॉवेल घेऊन उभी होती. “तेल लाव थोडं,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “कोरड्या केसांना ओढ बसते.”

“माहीत आहे, टँटी. मी लहानपणापासून माझ्या माझ्या घालते.”

आमच्या गावी, गुयाव्हला घरी पोचलो तेव्हा लिस्ट्राने पहाटेच रांधून ठेवलेलं पातेलं तयार होतं. नीरफणस, अळूची पानं, खारवलेलं मांस, नारळाच्या दुधात आटवलेलं. मर्लने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. डग्लसने मात्र दोनदा वाढून घेतलं.

“लिस्ट्रा, तुझी पोरगी हुशार आहे,” तो म्हणाला. “आता पुढे काय करणार, केझिया?”

“कॅनडाला जायचं होतं. एक जण बोलावणार होती. तिला जमलं नाही बहुतेक. आता इथेच नर्सिंगला जाते.”

“अगं, मग आमच्याकडे ये की. तळघरातली खोली नुसती पडून आहे. काय गं मर्ल?”

तो मनापासून बोलत होता, आणि तेच वाईट होतं. मर्ल “पाणी आणते,” म्हणून उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. तिच्यामागे लिस्ट्रा. मी भांडी उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो, तर दोघी खिडकीखालीच उभ्या होत्या.

“सांग त्याला,” लिस्ट्रा म्हणत होती. “माणूस बरा दिसतो.”

“मुलांसमोर कसं सांगू? बोटीवर गेल्यावर सांगते.”

“बोटीवर तू काही सांगायची नाहीस. तुला मी आज ओळखते का?”

“ती किती सहज टँटी म्हणतेय, लिस्ट्रा. एकदासुद्धा अडखळली नाही.”

“तूच सांगितलंस ना? मग अडखळायला हवं होतं का तिने?”

मर्ल काळा चष्मा चढवून आत आली, पाणी न घेताच.

परत धक्क्यावर आलो तेव्हा लोक बोटीकडे निघाले होते. टेस केझियाच्या कमरेला मिठी मारून बसली, तिला सोडवताना ओवेनही रडवेला झाला. मग मर्ल निरोप घ्यायला पुढे आली.

“पुन्हा या हं, टँटी,” केझिया म्हणाली. “बेट आवडलं असेल तर चार लोकांना सांगा.”

असं आम्ही टूरवाले रोज म्हणतो, अनोळखी माणसांना. मर्लने चष्मा काढला. डोळे सुजलेले होते.

“डग, ही माझी मुलगी आहे.”

डग्लस हसला. बायको प्रेमाने बोलतेय असं त्याला वाटलं. “हो, मुलीसारखीच.”

“सारखी नाही. माझी आहे. तुझ्या आधीची.”

तो हसायचा थांबला आणि केझियाकडे बघू लागला. आम्ही सगळेच तिच्याकडे बघत होतो.

“टँटीला ऊन लागलंय,” केझिया शांतपणे म्हणाली. तिने लिस्ट्राचा हात धरला. “माझी आई ही. चल ममी, इथे जास्त वेळ गाडी उभी करू देत नाहीत.”

डग्लसने मला विचारलं, “अल्विन?” मी हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिलो. बोटीचा भोंगा झाला. त्याने टेसला उचललं, ओवेनचा हात धरला आणि वळून न बघता चालू लागला. मर्ल त्यांच्यामागून गेली, जरा अंतर ठेवून.

परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता मागे पडला. मग लिस्ट्रा केझियाला म्हणाली, “तुझ्या आईला तू चारचौघांत खोटं पाडलंस.”

“दिवसभर आपण सगळे खोटंच बोलत होतो ना? माझं तेवढं मोजायचं?”

“तिने शेवटी खरं सांगितलं होतं.”

“तिला हवं तेव्हा. तिला हवं तेव्हा मी भाची, तिला हवं तेव्हा मुलगी. मला कुणी विचारलं?” आणि मग आवाज फुटला तिचा. “तुला आई म्हटलं ते खोटं होतं का? सांग ना. ते खोटं होतं?”

लिस्ट्राने तिला जवळ ओढलं. मी व्हॅन समुद्राकडेला घेऊन थांबवली, आणि दोघी रडून होईपर्यंत बाहेर उभा राहिलो.

सहल संपवून ते घरी पोचल्यावर डग्लसचा फोन आला. मर्लने त्याला सगळं सांगितलं होतं. तो ओरडला नाही. “दिवसभर मी तुमच्यात बसून जेवलो, हसलो,” तो म्हणाला, “आणि तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तिला तळघर देत होतो, अल्विन. तिच्या आईच्या घरातलं तळघर.” काही महिने तो भावाकडे राहायला गेला. पुढे मुलांसाठी परत आला, पण दोघांचं पहिल्यासारखं झालं नाही असं मर्लच सांगते. केझियाला तिकडे नेण्याच्या खटपटीला मात्र त्यानेच सुरुवात केली. केझियाने अजून हो म्हटलेलं नाही. ती इथेच नर्सिंगला जाते.

केझिया कॉलेजला लागल्यानंतरच्या ईस्टरला मर्ल विमानाने एकटीच आली आणि आमच्याकडे उतरली. केझिया कपडे घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली. मर्ल रोज सकाळी तिच्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, आणि केझिया तिच्या बाजूने मान खाली घालून आत जायची. मर्लची सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी केझिया घरी आली, पुस्तक न्यायला म्हणून. मी अंगणात व्हॅन धूत होतो. आधी काही ऐकू आलं नाही. मग केझियाचा आवाज चढला, मग मर्लचा. बुटांपासून सुरुवात झाली. माझे पाय केवढे आहेत हे एकदा तरी विचारलंस का, असं केझिया म्हणत होती. मर्लही ऐकून घेत नव्हती. तिकडे कसे दिवस काढले ते तिने मोठ्याने सांगितलं, आम्हालाही कधी न सांगितलेलं.

मी पाण्याची नळी टाकून आत जायला निघालो, तर लिस्ट्राने मला हाताने अडवलं.

“भांडू दे,” ती म्हणाली. “आजवर बोलल्या कधी होत्या त्या?”

ती दारातल्या पायरीवर बसली, मांडीवर जायफळं घेऊन, आणि एकेक फोडत राहिली. आतला आवाज दिवेलागणीपर्यंत चालू होता.