पाटावरचे रणगाडे

"भाऊ, रागावू नका, पन बाबाइनं तुमच्या टँकाइले कुंकू लावलं," आशाबाईंनी दारातच सांगितलं. ईशान ग्रंथालयात कामावर गेला की त्याच्या वडिलांपाशी त्याच बसत.

झेंडूची पिशवी ईशानच्या हातातच राहिली. देवघरासमोर पाटावर त्याचे आठही रणगाडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर हळद, कुंकू, अक्षता. शेजारी वॉकर धरून नारायणराव उभे होते, घामाघूम. अर्धांगवायू झाल्यापासून हा माणूस कुणी धरून उठवल्याशिवाय खाटेवरून उठला नव्हता.

"शस्त्रं आहेत ना? मग खंडेनवमीला टेबलावर पडून राहतात का?" ते जड जिभेने म्हणाले.

तीन महिने ईशानने हे बोटभर लांबीचे रणगाडे जुळवले होते. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक सुटा भाग कापायचा, घासायचा, चिमट्याने धरून चिकटवायचा. एकेकाची डझनभर चाकं. पासष्टच्या युद्धाचा टेबलावर मांडायचा खेळ तो आजवर फोनवरूनच खेळत आला होता. अमरावतीत त्याचा मित्र श्याम टेबलावर ईशानच्या रणगाड्यांच्या जागी काड्यापेट्या सरकवायचा. उद्या दसऱ्याला श्यामकडे नागपूरचे दोघं खेळायला येणार होते आणि ईशान पहिल्यांदा त्या टेबलापाशी उभा राहणार होता. वडिलांच्या आजारपणाच्या अकरा वर्षांत अकोल्याबाहेर काढलेला पहिला दिवस. सकाळी सातची बस.

"बाबा, हे उद्या सकाळी न्यायचेत मला."

"संध्याकाळी ने. सीमोल्लंघन झालं की उत्तरपूजा करू. पूजेतलं शस्त्र त्याआधी हलवत नाहीत, विसरलास?"

चाळीस वर्षं जठारपेठेत पौरोहित्य केलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? या खेळण्यांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते हे असं, एवढ्या मायेने. ईशानला धड रागावताही येईना. रडू मात्र आलं.

"सकाळी गुपचूप उचलून न्या न भाऊ," आशाबाई कुजबुजल्या.

"त्यांच्या खाटेवरून देवघर दिसतं, आशाबाई."

त्याने श्यामला फोन केला. "नाही जमत रे. रणगाडे पूजेत बसलेत."

"कायच्यात?" श्याम ओरडला. ईशानने सगळं सांगितलं.

"काड्यापेट्या चालतील का?"

"मले चालतीन. ते नागपूरवाले नाई खेळत राजा काड्यापेट्याइसंगं. तुह्या जागी दुसरा पाह्यतो मी."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, खेळ सुरू व्हायच्या वेळेला, ईशान वडिलांना बशीने चहा पाजत होता. त्यांची नजर पाटावर होती.

"चालतो का रे हा?"

"नाही बाबा. हाताने पुढे सरकवायचा."

"केवढा?"

"एका वेळेला वीतभर."

"मग सरकव ना एकदा. बघू दे."

ईशानने पाटाकडे पाहिलं.

"उत्तरपूजा व्हायची आहे, बाबा."

"हो, हो. खरंच की," म्हणून नारायणरावांनी चहासाठी पुन्हा तोंड उघडलं.