पिठीचा श्रावण

"डॉक्टर मॅडम, मांजर दारू पितं का?"

अख्खी शाळा खो खो हसली. हेडसरांनी कपाळाला हात लावला. भूमिका मात्र तशीच उभी राहिली, कारण पैज होती. किन्हवलीच्या गुरांच्या दवाखान्यातल्या मॅडम कुत्रं चावल्यावर काय करायचं ते सांगायला शाळेत येणार होत्या, आणि हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारून दाखव, असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही पुटपुटणारी ही पोरगी नववीत आल्यापासून पार बदलली होती. आपल्याला आवाज आहे हे तिला नुकतंच कळलं होतं, आणि नव्या पैंजणासारखा तो ती जाईल तिथे वाजवत फिरायची.

मॅडम हसल्या नाहीत. कोणाचं मांजर झिंगतं, असं त्यांनी विचारलं.

"आमचं," भूमिका म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला. "पिठी. चालताना बाजूला कलंडते. आणि मान वर करत नाय. हनुवटी छातीला लावून बसते, कुणी रागं भरल्यासारखी."

कार्यक्रम संपल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि मांजर उद्याच घेऊन ये म्हणून बजावलं.

पिठी म्हणजे तांदळाच्या पिठासारखी पांढरीफेक पोर. होळीच्या सुमारास आरतीच्या झोपडीत जन्मलेली. आरती भूमिकेच्याच बाकावर बसायची आणि गावाच्या कडेला कातकरी वाडीत राहायची. दोन पिल्लांतलं काळं आरतीने ठेवलं, पांढरं भूमिकेला दिलं. आधीचं मांजर बिबट्याने अंगणातून उचललेलं, म्हणून पिठीला बाहेर सोडायचंच नाही असा भूमिकेचा कायदा. उंदीर नाही, पाल नाही, भूमिका घालेल तेच पिठीचं जेवण. आरतीचा बाप म्हादूकाका भातखाचरांच्या पाटात मासे धरायला टोपली लावायचा आणि ते गावात दारोदार विकायचा. शाळेला येताना आरती मूठभर बारीक मासे पळसाच्या पानात बांधून आणायची. ते आईच्या कालवणात पडायचे, आणि कालवणातले पिठीच्या ताटलीत.

मग श्रावण लागला. भूमिकेच्या घरी श्रावण म्हणजे श्रावण. चुलीवर माशाचा वासही चालायचा नाही. पण मुक्या जिवाला कसला उपास? भूमिका पान तसंच मागच्या पडवीत उघडून ठेवायची, आणि पिठी मिटक्या मारत फस्त करायची. दूधभाताकडे तर तिने ढुंकूनही पाहणं सोडलं. श्रावण निम्मा सरला, आणि ती आधी ओकायला लागली, मग अन्न टाकायला लागली, मग झिंगायला लागली.

भूमिका आणि आई पिठीला दवाखान्यात घेऊन गेल्या. मॅडमनी तिचे कान पाहिले, ताप पाहिला, डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, उजेडातही लहान होईनात. पडली होती का, घरात उंदराचं औषध ठेवलंय का, सगळं विचारून झालं. खाते काय, या प्रश्नावर भूमिका मासे म्हणते न म्हणते तोच आई मध्येच बोलली.

"कातकरी पाण्यात औषध सोडून मासे मारतात. त्यातलंच काहीतरी हिच्या पोटात गेलंय."

असं कुणी कुठेतरी करतं, हे आईने ऐकलेलं. म्हादूकाकाला तसं करताना कुणीच पाहिलं नव्हतं. पण बोलणं इतकं ठाम होतं, की मॅडमनी विषावरचं औषध टोचलं. भूमिकेला त्यांनी एक काम मात्र सांगितलं: त्याच टोपलीतले मासे खाणारं दुसरं जनावर असेल, तर ते कसं आहे बघ आणि मला लगेच फोन कर.

दुसरं जनावर म्हणजे पिठीचा सख्खा भाऊ. काळू. विचारायचं कुणाला, तर शेजारी बसणाऱ्या आरतीला. एवढं सोपं काम.

आणि भूमिकेने काय करावं? दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी पिठीचं विचारलं, तेव्हा बाकावरून उठून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती आरतीला म्हणाली, "तुझ्या बाने पाण्यात औषध टाकलं म्हणून माझं मांजर मरतंय."

आरती वही मिटत राहिली. मिटून झाली तरी मिटत राहिली. "आमी बी तेच मासे खातो गो," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

आता काळूचं विचारायचं तर वाडीवर जायला हवं होतं. सगळ्या शाळेसमोर दारूचं विचारणारी भूमिका त्या पायवाटेपर्यंत जायची आणि परत यायची. आज पिठी बरी वाटते, उद्या जाऊ. उद्या शाळा बुडवली तर सर रागावतील, परवा जाऊ. इकडे पिठी भिंतीला टेकून बसायला लागली. एका दुपारी तिचं अंग ताठ झालं, पाय लाकडासारखे झाले, तोंडाला फेस आला. ते ओसरल्यावर तिने भूमिकेकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मान काही उचलेना. तेव्हा भूमिका अनवाणीच पळाली.

झोपडीत आरतीची आई गोदी चुलीपुढे बसली होती. तिच्या मांडीशी काळू अंग घासत होता. गुबगुबीत, शेपटी उभी, मान ताठ. भूमिका बघतच राहिली. तीच टोपली, तेच मासे, त्याच आईची पोरं. आरती आतून आली, तिला पाहिलं, आणि काळूला उचलून मागच्या दाराने निघून गेली.

भूमिकेने धापा टाकतच विचारलं, काळूला काय घालता. गोदीने पातेल्याकडे बोट केलं. हळदमिठाच्या पाण्यात मासे रटरटत होते.

"आमी खातो ते. उकडलेलं."

"कच्चं नाय घालत?"

"कच्चं कशाला घालू गो? चूल पेटलेलीच असते की."

काळूचे मासे शिजवलेले, पिठीचे कच्चे. वाडीवर कुणी श्रावण पाळत नव्हतं. सगळा फरक तेवढाच होता.

तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, तिला आत्ताच्या आत्ता आण. बाबांनी मोटारसायकल काढली. पिठीला इंजेक्शन दिल्यावर मॅडमनी समजावलं: काही माशांत एक पदार्थ असतो, तो मांजराच्या अंगातलं बी-वन नावाचं जीवनसत्त्व खाऊन टाकतो. ते संपलं, की मेंदूचं काम बिघडतं. मासा शिजवला, की तो पदार्थ मरतो. कालवणातला मासा तिला कधीच बाधला नव्हता, तो यामुळे. विष वगैरे काही नाही. विषाचं ऐकून मीही भलत्या वाटेला गेले, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठीने मान उचलली. खरंच उचलली. भूमिकेच्या बोटाला नाक लावलं, दोन घोट पाणी प्यायली. भूमिका अंगणात नाचायचीच बाकी होती. आई देवापुढे बसली. दुपारी पुन्हा झटका आला, आणि तो ओसरला तेव्हा पिठी नव्हती.

भूमिकेने मॅडमना फोन करून विचारलं, त्याच दिवशी काळूला बघून आले असते तर? मॅडमना खोटं बोलता येईना.

"बहुतेक वाचली असती, बाळा."

बाबांनी काजूच्या झाडाखाली खड्डा खणला. भूमिकेने पिठीला आपल्या जुन्या ओढणीत गुंडाळलं. मान आता कशीही वळत होती. ती सरळ करून ठेवावी म्हणून भूमिका कितीतरी वेळ बसून राहिली, शेवटी बाबांनीच हलक्या हाताने ओढणी तिच्याकडून घेतली.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. आईने भूमिकेच्या पानात भात वाढला आणि हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग हळूच सांगितलं, की झालं ते झालं, आता कुणाकडे बोलायला जाऊ नकोस. पण बोलणं तर कधीच गावभर झालं होतं. आईने ते हातपंपावर सांगितलं होतं, भूमिकेने वर्गात. श्रावण न पाळणारी चार घरं होती, त्यांनीही म्हादूकाकाला दारातून परत पाठवलं होतं. लोक विसरतील, आई म्हणाली. बाबा भिंतीकडे बघत होते.

भूमिकेने ताट सरकवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, म्हणून तिला सावकाश बोलावं लागलं.

"आई, बाबा, मी उद्या त्या चारही घरी जाणार. मासे चांगले होते, कच्चे मी घातले, असं सांगणार. मग वर्गात सांगणार. आणि मग वाडीवर जाऊन म्हादूकाकासमोर आणि आरतीसमोर सांगणार. आरती बोलली नाय तरी सांगणार. तुमी दोघं आलात तर बरं होईल. नाय आलात तरी मी जाणार आहे."