कुवेतचं गिऱ्हाईक

इन्शिराह मावशीला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. कैरोच्या शुब्रा भागातल्या मुलींच्या शाळेत तिने सगळी नोकरी कवायत शिकवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर ती कवायत घरात आली. वाळत घातलेले कपडे ती दिवसातून चारदा फिरवायची. वगीह काका याच्या अगदी उलट. खुर्चीत बसले की ते खुर्चीचाच एक भाग होऊन जायचे. "एकाने पळायचं, एकाने घर धरून ठेवायचं," असं माझी आई या दोघांबद्दल म्हणायची.

सोखनाला, समुद्रकाठच्या एका वसाहतीत, त्यांचा दरवर्षीचा एक आठवडा होता. बंगली त्यांची नव्हे, बंगलीतला ऑक्टोबरचा एक आठवडा तेवढा त्यांचा. मुलं शाळेत असताना हौसेने घेतलेला. पुढे मुलगा दोहाला गेला, मुलगी माँट्रियलला, आणि सोखनाला दोघंच जायला लागली. काका गळ टाकून बसायचे, मावशी वाळूत येरझारा घालायची. देखभालीची वर्गणी दरवर्षी फुगत होती. "दोन म्हाताऱ्यांसाठी हा थाट कशाला? विकून टाकू," मावशीने ठरवलं. काकांनी गळ पुसून कपाटावर ठेवला. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, वसाहतीच्या फाटकावर कागद लावला. कुणी कुत्रंही फिरकलं नाही.

आणि एका दुपारी फोन आला.

"मॅडम इन्शिराह बोलताय ना? मी हैसम. तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक मिळालंय. कुवेतचं आहे. किमतीची घासाघीस करणार नाही. फक्त शुक्रवारी एकदा येऊन भेटा."

मावशीने त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला रव्याचा गोड बसबूसा वाटला.

दोक्कीतलं नाईलकाठचं हॉटेल. वरच्या दालनात मोठ्याने गाणी लावलेली, टेबलाटेबलावर आंब्याचा रस आणि एकेक टाय लावलेला पोरगा. मधूनच कुठेतरी घंटा वाजायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. "अजून एकाचा आठवडा विकला गेला!" हैसम सांगायचा. तो मावशीला पाचव्या मिनिटाला "आई" म्हणायला लागला. "माझी आईसुद्धा शिक्षिकाच होती," म्हणाला. मावशीच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दोन तासांनी मुद्दा निघाला. कुवेतच्या माणसाला नुसता आठवडा नको होता. त्याला हॉलिडे क्लबचं सभासदत्व असलेला आठवडा हवा होता. तेव्हा 'आई'ने, म्हणजे मावशीने, आधी सभासदत्व घ्यायचं, मग दोन्ही मिळून विकायचं. पैसे जातील आणि दुपटीने परत येतील.

"म्हणजे आम्ही विकायला आलो होतो आणि विकत घेऊन चाललो?" काकांनी विचारलं.

"काका फार विनोदी आहेत हं!" हैसम हसला. त्याच्यामागे उभी असलेली दोन पोरंही हसली. मावशीही हसली, आणि तिने सही केली. निवृत्तीच्या वेळी बाजूला ठेवलेले पैसे गेले.

मग वाट पाहणं सुरू झालं. आधी गिऱ्हाईक प्रवासात होतं. मग ते मक्केला उम्र्याला गेलं. मग हैसमची बदली झाली. मग फोनच लागेना. पावतीवरचा पत्ता शोधत मावशी मोहन्दिसीनला गेली, तर तिथे दातांचा दवाखाना होता. बाहेर बसलेले लोक गाल धरून तिच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर ती बसलीच नाही. मुलुखियाची भाजी निवडायला घेतली, अर्धी निवडून उठली. गॅलरीत गेली, आत आली. काका म्हणाले, "बस जरा, इन्शिराह."

"मला म्हणा ना. म्हणा, मी सांगत होतो म्हणून!"

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर! म्हणत का नाही?"

ग्राहकांच्या सरकारी कचेरीत तिने तक्रार दिली. तिथल्या बाईने नीट ऐकून घेतलं, वेळ लागेल म्हणून सांगितलं. वेळ लागेल हे शब्द मावशीच्या पायांना मानवणारे नव्हते. पुढच्या शुक्रवारी ती सरळ त्या हॉटेलात जाऊन खाली सोफ्यावर बसली. वर गाणी चालूच होती. घंटाही वाजत होती. दारातून जोडपी येत होती, बहुतेक तिच्याच वयाची, इस्त्रीच्या कपड्यांतली. ती उठली आणि पहिल्याच जोडप्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आठवडा विकायला आलात ना? कुवेतचं गिऱ्हाईक आहे म्हणून सांगितलं?"

नवरा दचकला. बायको मात्र पक्की होती. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मलाही तेच सांगितलं होतं. वर जाऊ नका, बाई. उलट तुमच्याकडूनच पैसे काढतील."

"अस्सं! तुमचं विकलं नाही, म्हणून आमच्यात बिब्बा घालायला आलात?" बाईने पर्स छातीशी धरली. "की तुम्हालाच ते गिऱ्हाईक पळवायचंय?"

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मावशीचं बोलणं चालू होतं. त्या दिवशी तिने सात-आठ जोडप्यांना अडवलं. एकानेही ऐकलं नाही. एक म्हातारा तर म्हणाला, "पोरी, तुझा आवाज फार मोठा आहे. खऱ्या माणसाला एवढं ओरडावं लागत नाही."

हे मात्र तिला लागलं. घरी येऊन ती रडली. काकांनी चहा केला, त्यात नेहमीसारखी चार चमचे साखर घातली, आणि कप तिच्यापुढे ठेवत म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी मीही येतो."

"तुम्ही येऊन काय करणार? बसणार!"

"हो. बसणारच आहे."

आणि काका खरंच बसले. मावशीला त्यांनी कोपऱ्यातल्या खांबामागे बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातली. आपण दाराजवळच्या सोफ्यावर, खिशात भाजलेल्या बिया घेऊन. वर बोलावणं येईपर्यंत लोकांना तिथेच थांबावं लागे. शेजारी कुणी टेकलं की काका बियांची पुडी पुढे करायचे.

"आठवडा विकायला आलात? कुठला?"

"सोखनाचा."

"वा! मलाही सोखनाचाच घ्यायचाय. बोला, देऊन टाका मला."

त्या माणसाचे डोळे चमकले. त्याने किंमत सांगितली. काका मान डोलावत म्हणाले, "कबूल. तुम्ही मला आधी वीस हजार पौंड द्या."

"मी? तुम्ही घेणार, आणि पैसे मी द्यायचे?"

"मग वरचे काय मागणार आहेत तुमच्याकडे?"

तो माणूस हसायला लागला. मग हसता हसता थांबला. शेजारची बायको त्याच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने दोघं उठली आणि आल्या दाराने बाहेर गेली. खांबामागे मावशीने आपलं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

सगळेच परत गेले असं नाही. पण दर शुक्रवारी काही जायचे. वरच्या घंटेचा आवाज विरळ झाला. अखेर टायवाला एक माणूस खाली आला. हैसम नव्हे, त्याचा वरिष्ठ. सोबत हॉटेलचा रखवालदार.

"काका, पाहुण्यांना त्रास होतोय."

"मी तर बिया खातोय."

आता मावशीला राहवेना. ती खांबामागून बाहेर आली आणि शाळेच्या तिन्ही मैदानांना ऐकू जायचा तो आवाज तिने लावला. "पाहुण्यांना त्रास होतोय की तुझ्या पोटाला, बाळा? जा, कुवेतच्या साहेबांना खाली बोलाव! आम्ही त्यांना पंख्याने वारा घालतो!"

रखवालदाराने दोघांना दाराबाहेर काढलं, पण दारातच काकांच्या हातून थोड्या बियाही घेतल्या. महिनाभरात ती मंडळी त्या हॉटेलातून हलली. कुठे गेली, कळलं नाही. मावशीला वाटलं आपण जिंकलो. पण जिंकलेल्या माणसाला झोप लागते, तिला लागत नव्हती. दुसऱ्या कुठल्या हॉटेलात हैसम कुणाच्या गुडघ्यांची चौकशी करत असेल, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. आणि खालून एक दुसरी गोष्ट ठसठसत होती. तिचे स्वतःचे पैसे.

नेमक्या त्याच दिवसांत दुसरा फोन आला. या वेळचा आवाज वयस्क, जड. वकील नशअत. तुमच्यासारख्या फसलेल्यांची यादी आमच्याकडे आहे, मॅडम. त्या कंपनीचं खातं आम्ही गोठवलंय. तुमची पूर्ण रक्कम मिळेल. फक्त कोर्टाची फी उद्या दुपारपर्यंत भरायची.

त्याला तिचं नाव ठाऊक होतं, आठवडा ठाऊक होता, हैसमही ठाऊक होता. हैसमला त्याने अशा शिव्या घातल्या की मावशीला गार वाटलं. काकांना तिने सांगितलं नाही. पैसे हातात आले की त्यांच्यापुढे ठेवायचे, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेली. तिथून फोनवर पैसे पाठवता येतात. पुढे दोघंजण होते, म्हणून ती दुकानात एवढ्याशा जागेत फिरत राहिली. तिची पाळी आली. दुकानदार फारूकने नंबर टिपत सहज विचारलं, "कुणाला, मॅडम? मुलाला?"

"नाही रे, वकिलाला. माझे अडकलेले पैसे सुटणारेत. आधी मी द्यायचे, मग ते..."

वाक्य पुरं झालंच नाही. फारूक बटणावर बोट धरून थांबला होता. मावशी बाहेर आली आणि फुटपाथवर उभी राहून तिने वकिलाला फोन लावला.

"वकीलसाहेब, तुम्ही माझे पैसे सोडवताय ना? मग तुमची फी त्यातूनच कापून घ्या. दुप्पट कापा. उरलेलं मला द्या."

"तसं कायद्यात बसत नाही, मॅडम."

"मग मी तुमच्या कचेरीत येऊन देते. पत्ता सांगा. तिथे दात काढतात का, तेही सांगा."

मग त्या जड आवाजाने एक हलकी शिवी दिली आणि फोन बंद केला. मावशी दुकानाच्या पायरीवर बसली. फारूकने उसाचा रस मागवला, तो तिने घोटभरही घेतला नाही.

काकांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी चार माणसांना अडवलं," ते म्हणाले, "आणि तुला घरात एकटी सोडली."

"मला कोण अडवणार? मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस. पण हरलेली माणसंच पुन्हा डाव मांडतात. त्या ठगांना ते बरोबर कळतं."

ऑक्टोबर आला. आठवडा कुणी विकत घेतलेलाच नव्हता, तेव्हा दोघं सोखनाला गेली. पहिल्याच सकाळी मावशीने गळ्यात शिट्टी अडकवली आणि वसाहतीतली प्रत्येक बंगली गाठली. दार वाजवायचं, एवढंच सांगायचं, "पाच वाजता कॅन्टीनमध्ये या. तुमच्या आठवड्याबद्दल बोलायचंय." काहींनी दार तोंडावर लावलं. एकाने विचारलं, "तुम्ही काही विकताय का?"

तरीही पाचला कॅन्टीन भरलं. मावशीने दोन्ही फोनांची हकीकत सांगितली, स्वतःच्या सहीसकट. मग जो तो बोलायला लागला. कुणाला कुवेतचं गिऱ्हाईक, कुणाला जेद्दाहचं. एकाला तर थेट इटलीचं. ते ऐकून लोक हसायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले.

खिडकीपाशी बहीगा नावाची एक म्हातारी बाई होती, काळ्या शालीतली, एकटीच आलेली. ती हसत नव्हती. हातातला रुमाल तिने पीळ देऊन दोरीसारखा केला होता. मावशीने ते पाहिलं आणि तिच्याजवळ जाऊन खुर्ची ओढली.

"तुम्हालाही फोन आला होता?"

बाईने मान डोलावली. "पोरगा फार चांगला बोलत होता हो. मला आई म्हणाला." आणि मग अगदी हळू, "काल कार्डावरून भरले मी. सगळे."

"काल? मग उठा!"

"आता काय उपयोग?"

"उठा म्हणते ना! काल म्हणजे अजून काहीतरी होईल." मावशीने तिला दंडाला धरून उठवलं, फोनवर बँकेचा नंबर लावून तिच्या कानाशी धरला, आणि दाराबाहेर वाळूत गळ घेऊन बसलेल्या काकांना दुसऱ्या हाताने खूण करत ओरडली, "वगीह! गळ ठेवा तो! गाडी काढा, सुएझला जायचंय, पोलीस ठाण्यात!"

काकांनी गळ गुंडाळला नाही. वाळूत तसाच टाकला आणि ते पळाले. त्यांना पळताना वसाहतीने पहिल्यांदाच पाहिलं.

बहीगाबाईंचे पैसे बँकेने वाटेतच थांबवले होते, पण ते कळायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मावशीने त्यांना रोज फोन केला. तिच्या स्वतःच्या पैशांची तक्रार अजून ग्राहकांच्या त्या कचेरीत आहे. तिथल्या बाईने परवाच पुन्हा सांगितलं, वेळ लागेल. मावशी तिला म्हणाली, "लागू दे. तोवर मी इथेच बाहेर उभी राहते. रांगेत ही जी माणसं आहेत, त्यांच्याशी बोलते."