शून्य अंशाचा माल

माझी हाडं चार फूट तीन इंचांवर बंद झाली. आता हे मी सांगितलंच नाही असं धरा. आमच्या घरात तरी असं काही झालेलं नाही. दाराच्या चौकटीवर मी गेल्या रविवारी चार फूट दहा होते.

मी तेरा वर्षांची असताना नाशिकच्या डॉक्टर योगिनी म्हणाल्या, "हर्षालीच्या अंगात वाढीचं हार्मोन पुरेसं तयार होत नाही. रोज एक इंजेक्शन द्यायचं. पण हाडांची टोकं जुळेपर्यंतच वेळ आहे. नंतर काही उपयोग नाही."

माझे वडील, म्हणजे नाना, पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर. आमच्या द्राक्षपट्ट्यात कुणाला हार्मोन समजावून सांगावं लागत नाही. मणी फुगावेत म्हणून घड जीए नावाच्या हार्मोनच्या पाण्यात बुडवतात, हे अंगणवाडीतलं पोरही सांगेल. नानांना एकच शंका आली. "द्राक्षाला दोन डिपिंग पुरतात, मॅडम. हिला रोज?"

पॅकहाउसमधल्या गोजराबाई म्हणाल्या, "हर्षाले, घडासंगं तुलाबी बुडवलं असतं तर आतापस्तोर जंबो झाली असती गं!"

मी हसले. मला जंबो व्हायचं नव्हतं. मला नानांची पिकअप चालवायची होती, आणि ब्रेक माझ्या चपलेपासून वीतभर लांब होता.

औषधाच्या खोक्यावर लिहिलं होतं, दोन ते आठ अंश. घरचा फ्रिज लाइटीच्या मर्जीवर चालायचा.

"दोन ते आठ हे घरच्या फ्रिजवाल्यांसाठी लिहितात," नाना म्हणाले. "आपल्याकडं शून्य हे. युरोपचा माल ठेवतो, तिथं ठेवू."

"जास्त थंड नाय ना व्हणार?" आईने विचारलं.

"अगं, जास्त थंड म्हणजे जास्त ताजं."

महिन्याचा साठा त्यांनी सगळ्यात मानाच्या जागी ठेवला, थंड हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या बरोबर खाली. तिथं उणे दोन असतं. दर आठवड्याला ते औषधाचं एक कार्ट्रिज छातीशी धरून घरी आणायचे. असं दीड वर्ष. डॉक्टर दर तीन महिन्यांनी मला मोजायच्या आणि डोस वाढवायच्या. डोस छान वाढत होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "औषध ठेवता कुठे?"

नाना खुर्चीत ताठ झाले. "ब्लोअरखाली, मॅडम. एक्स्पोर्टच्या मालाशेजारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोठलं की मेलं हो ते. दीड वर्ष तुम्ही पोरीला पाणी टोचलंत."

"दिसायला तर तसंच होतं," नाना म्हणाले. द्राक्ष खराब झालं की निदान वास तरी येतो.

नवं औषध शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या योग्य, सामान्य, बिनमानाच्या फ्रिजमध्ये ठेवलं. पाच महिन्यांत मी तीन सेंटिमीटर वाढले. म्हणजे औषध चांगलं होतं. मग एक्स-रेमध्ये हाडांची टोकं जुळलेली दिसली आणि इंजेक्शन थांबलं.

तेव्हापासून नाना दर रविवारी मला चौकटीला उभं करतात. पट्टी डोक्यावर टेकवतात आणि पेन्सिल पट्टीच्या जराशी वर ओढतात.

"बघ, वाढली!"

"हो की," आई म्हणते.

"हो, नाना," मीही म्हणते. पिकअपचा ब्रेक आहे तिथंच आहे.

आता मी अठराची आहे आणि त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाची वही लिहिते. ऑडिटवाले यायच्या आधी इथं एक अर्ज करायचा असतो. त्यावर मॅनेजरची सही झाली की गेल्या मार्चमधलं तापमानसुद्धा सुधारतं. काल मीही एक अर्ज दिला.

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : तापमान दुरुस्तीबाबत. महोदय, दि. १ नोव्हेंबर २०२१ ते ३० एप्रिल २०२३ या कालावधीत ब्लोअरखालील तापमान उणे दोन अंश होते. ते पूर्वलक्षी प्रभावाने अधिक चार अंश करण्यात यावे, व सदर दुरुस्ती वहीपुरती मर्यादित न ठेवता अर्जदाराच्या हाडांनाही लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती."