तात्याराव पान उलटतात

एकतीस वर्षं मिलच्या सूतखात्यात काढलेल्या माणसाला कागदाचं एक पान उलटायला सांगितलं, तर त्याला घाम फुटायचं काही कारण नाही. पण तात्यारावांना फुटला. मिल बंद पडून दीड वर्ष झालं होतं. आता ते गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या एका मंडळाच्या हॉलवर केअरटेकर होते. टाकी भरायची, खुर्च्या मांडायच्या, जनरेटरला डिझेल पाजायचं. तीन महिन्यांची ट्रायल आज संपत होती. मंडळाचे सेक्रेटरी जयसिंगराव सकाळीच बजावून गेले होते, "आजचा प्रोग्राम ठीक से निघाला तर उद्यापासून पर्मनंट. कुछ गडबड झाली, तर तुम्ही तुमच्या घरी."

आणि संध्याकाळी गडबड स्वतःच्या पायांनी चालत आली. आजच्या गाण्याला पियानोची साथ करणारे सुशांत साहेब पुण्याचे. सरकारचं नवं आर्थिक धोरण आल्यावर पीथमपूरला उघडलेल्या एका कारखान्यात इंजिनियर. त्यांची बायको अरुंधती जवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात शिकवायची आणि विलायती शास्त्रीय गाणं गायची; आजचं गाणं तिचंच होतं. पियानोवरच्या स्वरलिपीच्या वहीची पानं उलटायला जी मुलगी येणार होती, ती तापाने फणफणून घरी पडली होती.

"तात्याराव, मला दोनच हात आहेत आणि दोन्ही वाजवण्यात गुंततात," साहेब म्हणाले. "तुम्ही माझ्या डावीकडे बसा. मी मान हलवली की उठून पान उलटायचं."

"साहेब, मला हे लिहिलेलं काही समझत नाही."

"समजायची गरज नाही. माझ्या मानेकडे बघा."

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेतली मंडळी तबलजी अजून कसा आला नाही म्हणून विंगेत डोकावून पाहत होती. इकडे साहेबांची मान पहिल्या सुरापासून जी डोलायला लागली, ती थांबेचना. आता यातली रंगात आलेली मान कोणती आणि हुकमाची कोणती, हे बिचाऱ्या तात्यारावांनी ओळखायचं कसं? पण डोळा जुना होता. दुसऱ्या गाण्यापर्यंत त्यांनी हेरलं की हुकमाच्या मानेबरोबर साहेबांच्या भुवयाही वर जातात. मग काम सोपं झालं. भुवया वर, पान पलीकडे.

मग त्यांना आजूबाजूला बघायला उसंत मिळाली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ते रचणाऱ्याचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. तात्यारावांचे वडील महूच्या पलटणीत हवालदार. छडी हातात घेऊन त्यांनी पोराकडून इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती. ब्राम्स नावाच्या कोणाची दोन गाणी झाली. ती तात्यारावांना आवडली, आणि आपल्याला आवडली याचंच त्यांना नवल वाटलं. पुढच्या पानावर नवं नाव आलं.

"साहेब, हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"शूबर्ट. एकतिसाव्या वर्षी गेला. हे गाणं केलं तेव्हा सतरा वर्षांचा होता."

"एकतीस? एवढी तर माझी नुसती सर्विस झाली."

साहेबांनी हसू दाबलं आणि पियानोवर बोटं ठेवली. उजवा हात गोल गोल फिरू लागला, डावा मध्येच ठोका देऊ लागला, आणि तात्याराव ताठ झाले. हे नुसतं गाणं नव्हतं. इथे काहीतरी फिरत होतं. अरुंधतीबाईंचा आवाज चढत गेला, फिरणं वाढत गेलं, तात्याराव मान विसरले, भुवया विसरले. आवाज पार वर जाऊन पोचला आणि एकाएकी सगळं बंद पडलं.

तात्याराव ताडकन उठले. काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून हाताला लागलं ते उलटलं. दोन पानं एकदम गेली. साहेबांचे हात हवेतच राहिले. गाणं संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेतून जयसिंगराव लाल चेहऱ्याने बोट वाकडं करून बोलावत होते. संपलं, तात्यारावांना वाटलं. गेली नोकरी.

"तुम्ही का उठलात?" अरुंधतीबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"ताई, मशीन बंद पडली ना," तात्याराव खाली बघत म्हणाले. "सूतखात्यात आवाज थांबला की माणूस बैठा नाही राहत. पट्टा सुटला का चाती अडकली, देखावं लागतं. गलती झाली. माफ करा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग लोकांकडे वळल्या. "या गाण्यात एक मुलगी चरख्यावर सूत कातते आहे. तिला प्रियकराची आठवण येते आणि चरखा थांबतो. दहा वर्षं मी हे गाते आहे. चरखा थांबला म्हणून धावलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला. मी परत सुरुवातीपासून म्हणते. पानं हेच उलटतील."

मागून कोणीतरी अस्सल इथल्या बोलीत, खणखणीत आवाजात "वन्स मोअर, भिया" म्हटलं. जयसिंगरावांचं बोट सरळ झालं.

पुन्हा चाक फिरलं, पुन्हा आवाज चढला, पुन्हा सगळं थांबलं. तात्यारावांनी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. मिलचा आवाजही असाच थांबला होता. त्यानंतर कितीतरी दिवस ते रोज गेटपाशी जाऊन कान देऊन उभे राहिले होते. आतून काही आलं नाही.

इथे मात्र पियानोने एकदा घुर्र केलं आणि तो थांबला. पुन्हा घुर्र केलं, पुन्हा अडखळला. मग चाकाने वेग धरला आणि ते फिरायला लागलं. तात्यारावांना समोरचं काही दिसेना, मान नाही की भुवया नाहीत. चाकाच्या अंदाजानेच ते उठले आणि त्यांनी पान उलटलं, एकच, आणि बरोबर जागी.

कार्यक्रम संपल्यावर जयसिंगराव आले. "सकाळी आठला या. टाकी भरून ठेवा." मग जाता जाता म्हणाले, "आणि स्टेजवर रडत काय होतात? नोकरी दिली ना."

"नोकरीसाठी नाही, साहेब," तात्याराव म्हणाले. "मशीन परत चालू झाली ना."